हंडेवाले रास्क

गुनिल्ला रास्क चर्चमधल्या कॉफीला आली की कोणीतरी हमखास म्हणायचं, "हंडा झाका गं, रास्क आले!" मग सगळे हसायचे. हसणारी माणसं वाईट नव्हती. एकच विनोद दोनशे वर्षं चालला की तो विनोद राहत नाही, नमस्कार होतो. गुनिल्लाही हसायची आणि दालचिनीचा पाव उचलायची. अडतीस वर्षं स्तेनहुल्त गावात दारोदार टपाल टाकलेल्या बाईला कोणाचं बोलणं किती मनावर घ्यायचं ते पुरतं कळत होतं.

तिच्या थोरल्या भावाला, फोल्केला, ते कधीच जमलं नाही. शाळेत पोरं त्याच्या पाठीवर खडूनं हंडा काढायची. मोठेपणी गावच्या कारभारात निवडून यायचं त्याच्या मनात होतं, तर कोणीतरी भर सभेत म्हणालं, "रास्कच्या हाती गावाची भांडीकुंडी द्यायची का?" लोक खो खो हसले आणि फोल्के उभा राहिलाच नाही. आता तो शहाऐंशी वर्षांचा होता, वृद्धाश्रमात खिडकीशी बसून असायचा. चर्चच्या कॉफीला तो तीस वर्षांत फिरकला नव्हता.

हंड्याची गोष्ट गावातलं शेंबडं पोरही सांगेल. रशियाशी लढाई चालू होती त्या हिवाळ्यात, १८०८ साली, चौसष्ट नंबरचा शिपाई यूनास रास्क छावणीतून पळाला. नुसता पळाला नाही, तर तुकडीचं जेवण ज्यात शिजायचं तो तांब्याचा हंडा पाठीला बांधून घरी घेऊन आला. शिपायाला एखादं सुटसुटीत, मर्दानी नाव द्यायची तेव्हा रीत होती. रास्क म्हणजे चपळ. यूनासनं शत्रूला पाठ दाखवून आपलं नाव सार्थ केलं, असं लोक म्हणत. त्याच्या वंशात आता ही दोघं भावंडंच उरली होती.

जूनमधल्या एका रविवारी नॉरगोर्डचा सिक्स्टेन कपबशी सावरत गुनिल्लाच्या समोर येऊन बसला. नॉरगोर्ड हे गावातलं सर्वांत मोठं शेत त्याचं, आणि गावाच्या इतिहास मंडळाचा अध्यक्षही तोच. त्याच्या घरी भिंतीवर त्याच्या कुळाचा तक्ता होता. बापाचा बाप, त्याचा बाप असे तेरा पुरुष ओळीनं, खाली सिक्स्टेन. बायकांना त्या तक्त्यात जागाच नव्हती. तेरा जण एकमेकांच्या पोटी जन्मले असावेत असं तो पाहून वाटायचं.

"खूशखबर आहे, गुनिल्ला," तो म्हणाला. "शिपायाचं खोपटं दुरुस्त झालं. जुलैच्या पहिल्या रविवारी उघडायचं. दाराशी पाटी लावतोय, मजकूर ऐक." त्यानं चष्मा लावला. "'हंडेचोर यूनास रास्क याचं घर. त्याचे वंशज आजही गावात राहतात.'"

"वंशज म्हणजे कोण? मी आणि फोल्के?"

"दुसरं कोण? अगं, लोकांना असलं फार आवडतं. बाहेरगावचे येतील, फोटो काढतील."

"फोल्के अजून जिवंत आहे, सिक्स्टेन."

"मग त्यालाही आण की! पुढच्या रांगेत खुर्ची ठेवू."

त्याला खरंच वाटत होतं की आपण मान देतोय. गुनिल्लानं पाव बशीत परत ठेवला. "आणि हे खरं नसेल तर?"

"खरं नसायला काय झालं? लष्कराच्या वहीत स्वच्छ लिहिलंय. चौसष्ट नंबरचा रास्क, हंड्यासकट बेपत्ता. आणि त्याच चौसष्ट नंबरच्या यूनास रास्कचे तुम्ही. तुझ्याकडे दुसरा कागद असला तर आण ना. गुरुवारी मजकूर पाटीवाल्याकडे जातो, तोवर मी मोकळा आहे."

दुपारी ती फोल्केकडे गेली आणि त्याला सगळं सांगून मोकळी झाली. गावातून त्याच्या कानावर आलं असतं तर जास्त लागलं असतं. 

"पाटी लाकडाची का लोखंडाची?" त्यानं विचारलं.

"लोखंडाची."

"म्हणजे माझ्यापेक्षा टिकणार." त्यानं मान हलवली. "मला वाटलं होतं, माझ्याबरोबर तरी हे संपेल. एकदा तरी त्या कॉफीला मान वर करून बसावं असं फार वाटायचं बघ. राहिलं." मग तो तिच्याकडे वळला. "गुनिल्ला, तू जन्मभर लोकांचे कागद लोकांना पोचवलेस. आपला एक सापडतो का बघ."

सोमवारी सकाळी गुनिल्ला संगणकासमोर बसली. चर्चच्या जुन्या वह्या आता घरबसल्या पडद्यावर दिसतात, त्यामुळे जाणंयेणं वाचतं, डोळे मात्र जातात. तिला हवी होती ती पाद्र्याची घरवार नोंदवही. त्या काळी पाद्री दर वर्षी घरोघरच्या माणसांना गोळा करायचा, प्रत्येकाला धर्माच्या पुस्तकातलं वाचायला लावायचा आणि वहीत नावापुढे रेघा मारून मार्क द्यायचा. शेतकरी असो की मोलकरीण, कोणाची सुटका नव्हती. पाद्र्याचं अक्षर म्हणजे कोंबडीनं चिखलात घातलेल्या फेऱ्या. पण गुनिल्लानं त्याहून भयंकर अक्षरांची पाकिटं बिनचूक पोचवली होती.

१८०८ला संपणाऱ्या वहीत चौसष्ट नंबरचं खोपटं तिला सापडलं. शिपाई यूनास रास्क, बायको स्तिना, मुलगी ब्रिता, जन्म १८०५. पुढची वही १८०९ला सुरू होत होती. पुन्हा तेच खोपटं, शिपाई यूनास रास्क, बायको स्तिना, मुलगी ब्रिता, आणि खाली नव्यानं लिहिलेला मुलगा कार्ल, जन्म १८११. हा कार्ल म्हणजे गुनिल्लाच्या आजोबांचा आजोबा, हे तिला लहानपणापासून पाठ होतं. नाव तेच, नंबर तोच, घर तेच, बायकोसुद्धा तीच. गुनिल्लानं संगणक बंद केला आणि उरलेला दिवस बागेत गवत उपटण्यात काढला. त्या दिवशी गवताबरोबर थोडी गाजरंही गेली.

मंगळवारी सकाळी ती दोन्ही पानं कागदावर छापून लापशीच्या वाडग्याशेजारी ठेवून बसली होती. वाचायचं असं काही नव्हतं, नजर आपली इकडून तिकडे फिरत होती. फिरता फिरता ती रेघांवर अडली. पहिल्या वहीत यूनासच्या नावापुढे वाचनाची एकच रेघ होती, म्हणजे गडी रखडत रखडत वाचणारा. दुसऱ्या वहीत पाच रेघा. आजूबाजूच्या सगळ्या शेतांत कोणाला पाच नव्हत्या, खुद्द नॉरगोर्डच्या मालकालाही तीनच होत्या.

"अस्सं," गुनिल्ला लापशीला म्हणाली. "लढाईतून पळून आला आणि घरी बसून पंडित झाला?"

मग तिनं जन्माचं साल पाहिलं. आधी १७७९, नंतर १७८३. पाद्री लोक सालात नेहमीच गोंधळ घालायचे, त्यामुळे त्या फरकाला कोणी विचारलं नसतं. पण साल पाद्री चुकवतो, वाचन तो कसं चुकवेल? ते तर त्यानं स्वतःच्या कानांनी ऐकलेलं असतं.

आणि तिला टेकडीवरचं पिवळं घर आठवलं. त्याच्या टपालपेटीवर 'लुंदिन' लिहिलेलं होतं. लुंदिन गेले, दुसरं कुटुंब आलं, तेही गेलं, तिसरं आलं, पेटीवरचं नाव कोणी खरवडलं नाही. सगळं गाव त्या तिसऱ्यांनाही लुंदिनच म्हणायचं आणि ते ओ द्यायचे. पाटी घराची असते, माणसाची नसते. रास्क हे नावही खोपट्याचंच होतं. चार-पाच शेतकरी मिळून एक शिपाई ठेवायचे, त्याला खोपटं द्यायचे, आणि जो कोणी त्या खोपट्यात यायचा तो रास्क व्हायचा, त्याचा नंबर चौसष्ट व्हायचा. हे तर सिक्स्टेनही जाणत होता. पण नवा रास्क आला की त्याचं पाळण्यातलं नाव वेगळं असतं, बायको वेगळी असते, म्हणून लक्षात येतं. इथे दोघंही यूनास निघाले तर? यूनास तेव्हा पैशाला पासरी होते.

राहता राहिली बायको. शिपाई मेला की त्याच्या विधवेला खोपटं सोडावं लागायचं, कारण ते नव्या शिपायासाठी असायचं. लेकरू काखेत घेऊन बाई रस्त्यावर. त्यातून एकच वाट होती. नवा शिपाई बिनलग्नाचा असला आणि त्यानं तिला पसंत केलं, तर बाई जागची हलायची नाही.

गुनिल्लानं वाडगा बाजूला सारला आणि संगणक चालू केला. मृत्यूची वही उघडून उपयोग नव्हता, त्या वर्षांची वही पाद्र्याच्या घराला लागलेल्या आगीत जळाली होती. तिनं लग्नाची वही उघडली. १८०९, जानेवारीपासून एकेक ओळ. ऑक्टोबरच्या पंधरा तारखेला ती ओळ होती: शिपाई यूनास रास्क, अविवाहित, आणि शिपाई रास्कची विधवा स्तिना.

पुढचं मग आपोआप आलं. बाहेरून गावात राहायला येणाऱ्यांची एक वही असते. त्यात त्याच वर्षीच्या मे महिन्यात लिहिलं होतं: शेतगडी यूनास निल्सन, ल्युंगासा गावाहून, चौसष्ट नंबरचा शिपाई म्हणून भरती, वर्तन चांगलं, वाचन उत्तम. त्र्याहत्तर वर्षांची गुनिल्ला उठली आणि स्वयंपाकघरात एकटीच नाचली. लाज वाटावी असं बघायला कोणी नव्हतं, मांजर होतं, ते उठून बाहेर गेलं. आपला माणूस पळपुटा नव्हता. तो एका विधवेचं घर आणि तिचं लेकरू सांभाळायला आला होता आणि गावात सर्वांत सुंदर वाचत होता.

इथे थांबता आलं असतं. पण अर्ध्या वाटेत पाकीट टाकून द्यायची तिला सवय नव्हती. ब्रिता उरली होती, पहिल्या यूनासची लेक. ती कुठे गेली? बुधवारी दिवसभर गुनिल्ला त्या पोरीच्या मागे वहीमागून वही फिरली. संध्याकाळी तिनं एक पान छापलं, ते पुन्हा वाचलं आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. ते पान तिनं वेगळ्या पाकिटात घातलं आणि पाकीट चिकटवलं.

गुरुवारी सकाळी ती नॉरगोर्डला गेली. सिक्स्टेननं कॉफी ठेवली, सात प्रकारची बिस्किटं मांडली आणि कागद पुढे ओढले. रेघांवर तो हसला. सालावर त्यानं हात झटकला. लग्नाच्या ओळीवर मात्र तो म्हणाला, "हे मी पाहिलंय. तो पाद्री प्यायचा गं. त्यानं एकदा बाप्तिस्म्याच्या वहीत बैलाचं नाव लिहिलंय!"

"बरं. म्हणजे यूनासनं स्वतःच्याच बायकोशी पुन्हा लग्न केलं."

"तसंच काही नाही..."

"आणि लग्नाच्या वेळी तो अविवाहित होता, आणि ती त्याचीच विधवा होती. जिवंत माणूस आपल्या विधवेचा हात धरून वेदीसमोर उभा. आणि तू ह्याला इतिहास म्हणतोस?"

सिक्स्टेननं बिस्कीट कॉफीत बुडवलं ते तिथेच तुटून बुडालं. मग त्यानं शेवटचा कागद वाचला, ल्युंगासाचा यूनास निल्सन. दोनदा वाचला. माणूस हेकट होता, पण खोटा नव्हता.

"मी चुकलो," तो म्हणाला. "गुनिल्ला, मी साफ चुकलो. पाटीवाल्याला आत्ता फोन करतो." मग स्वतःलाच सावरून घेत तो हसला. "पण मजा गेली बघ. हंडेचोर निर्वंशच झाला म्हणायचा."

गुनिल्लानं भिंतीवरच्या तक्त्याकडे पाहिलं. "तुझ्या ह्या आठव्या माणसाचं लग्न कधी झालं?"

"ह्याचं? १८३०."

"कोणाशी?"

"काय ठाऊक. बायका लिहायला जागा कुठे होती?"

आपलं ठेवावं झाकून आणि दुसऱ्याचं पाहावं वाकून, ही म्हण जणू ह्याच घरासाठी जन्माला आली होती. गुनिल्लानं पिशवीतून चिकटवलेलं पाकीट काढून त्याच्यासमोर ठेवलं. सिक्स्टेननं ते फोडलं. ब्रिता, शिपाई रास्कची मुलगी, जन्म १८०५, बाविसाव्या वर्षी नॉरगोर्डला मोलकरीण म्हणून दाखल. तीन वर्षांनी त्याच घरच्या मुलाशी विवाह. पुढे सहा मुलांची यादी, त्यातला थोरला सिक्स्टेनच्या तक्त्यावर नववा.

 सिक्स्टेनचे कान आधी लाल झाले, मग मान, मग टक्कल. दोनशे वर्षांचं उट्टं एका चेहऱ्यावर निघताना बघायला मिळावं, हे भाग्य थोड्यांच्या वाट्याला येतं. गुनिल्लानं ते मिटक्या मारत पाहिलं. तिला अगदी मनापासून आनंद झाला होता आणि तो तिनं लपवला नाही.

"पाटीवर घालायला लावशील?" त्यानं हळूच विचारलं.

"पाटी तुझी. मी टपालवाली आहे, सिक्स्टेन. पाकीट ज्याचं त्याला पोचवते. आतला मजकूर गावभर सांगत फिरत नाही." ती उठली आणि जाताजाता सातव्या प्रकारचं एक बिस्कीट उचलून तोंडात टाकलं.

जुलैच्या पहिल्या रविवारी खोपट्यासमोर सव्वाशे माणसं जमली होती. झेंडा वर चढला, गाणं झालं. फोल्केला तिनं फार मनधरणी करून आणलं होतं. कागदात काय सापडलं ते तिनं त्याला सांगितलं होतं, ब्रिताचं सोडून. पण जन्मभराची सवय एका सांगण्यानं जात नाही. तो पुढच्या रांगेत चाकाच्या खुर्चीत पांढरा सदरा गळ्यापर्यंत लावून बसला होता, आणि त्याची नजर गुडघ्यांवरून हलत नव्हती.

सिक्स्टेननं पाटीवरचं फडकं ओढलं आणि मोठ्यानं वाचलं. "'ह्या घरात एकामागून एक दोन यूनास रास्क राहिले. पहिला लढाईतून हंडा घेऊन परतला आणि वर्षाच्या आत वारला. दुसरा, ल्युंगासाचा यूनास निल्सन, पहिल्याच्या विधवेशी लग्न करून त्याच्या लेकीचाही बाप झाला. त्यानं तेवीस वर्षं चाकरी केली. वाचनात गावात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. गावचं रास्क घराणं ह्या दुसऱ्याचं.'"

लोकांत कुजबुज झाली. माना पुढच्या रांगेकडे वळल्या. फोल्केनं डोकं थोडं उचललं, पाऊस थांबला की नाही ते बघावं तसं.

सिक्स्टेन बाजूला होईना. त्यानं रुमालानं टक्कल पुसलं. गुनिल्लाला वाटलं, आता हा म्हणेल, चला कॉफीला.

"अजून एक आहे," तो म्हणाला. "पाटीवर जागा पुरली नाही म्हणून तोंडी सांगतो. हंडेवाल्या यूनासलाही एक मुलगी होती. तिचे वंशजही गावात आहेत. नॉरगोर्डला राहतात." त्यानं स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. "म्हणजे मी. माझा बाप, त्याचा बाप, आणि आम्ही सगळे."

 मग मागच्या रांगेतून कोणीतरी फिस्सकन हसलं, आणि सव्वाशे माणसं अशी हसली की झाडावरचे कावळे उडाले. हसणाऱ्यांत सिक्स्टेनही होता, जरा उशिरा, पण खराखुरा. जे सांगायचं टाळता आलं असतं ते त्यानं भर गर्दीत सांगितलं, ह्याबद्दल गुनिल्लानं त्याचे सगळे अपराध तिथल्या तिथे माफ केले.

फोल्के हसला नाही. त्यानं बहिणीची बाही ओढली. "मला कॉफीच्या टेबलाशी ने."

"इथेच आणते की."

"ने म्हणतो ना. मधल्या टेबलाशी."

तिनं खुर्ची ढकलत त्याला भर गर्दीतून नेलं. माणसं बाजूला सरत होती, कोणी त्याच्या खांद्यावर हात ठेवत होतं, आणि तो प्रत्येकाच्या डोळ्यांत बघून मान हलवत होता. टेबलाशी पोचल्यावर तो ताठ बसला. समोरून सिक्स्टेन हातात कॉफीची भली मोठी किटली घेऊन येत होता.

फोल्केनं घसा साफ केला. तीस वर्षं न वापरलेला आवाज, पण पार कुंपणापर्यंत पोचला.

"हंडा झाका रे, सिक्स्टेन आला!"

ह्यावेळचं हसू आधीपेक्षा मोठं होतं आणि त्यात सगळ्यांत मोठा आवाज फोल्केचा होता. सिक्स्टेननं वाकून त्याचा कप काठोकाठ भरला. फोल्केनं तो संपवला आणि दुसरा मागितला.